किंग जिलेट : पात्यामागचा माणूस

सुरवातीलाच एक कोडं घालतो. साधारण शंभर वर्षांपूर्वी टीव्ही नव्हता, इंटरनेट नव्हतं. तरीही एका माणसाचा फोटो जगातल्या कितीतरी देशांत घराघरांत जाऊन पोचला होता. तो राजा नव्हता, नट नव्हता, खेळाडूही नव्हता. भरघोस मिशा, नीट भांग, कडक कॉलर आणि खाली त्याची सही. कोण असेल?

उत्तर आहे किंग कॅम्प जिलेट. हो, तोच ब्लेडवाला! त्याच्या प्रत्येक ब्लेडच्या वेष्टनावर त्याचा फोटो छापलेला असायचा. परदेशात ज्यांना इंग्रजी नाव वाचता यायचं नाही ते दुकानात जाऊन त्या मिशीवाल्याचं ब्लेड मागायचे म्हणे. जगभराच्या दाढ्या करायला लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मिशा मात्र शेवटपर्यंत राखल्या, ही पहिली गंमत. दुसरी गंमत म्हणजे किंग ही काही पदवी नाही, ते त्याचं पाळण्यातलंच नाव.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. आमच्या पुस्तकांत इन्व्हेंटर म्हटलं की एडिसन, ग्रॅहम बेल आणि राइट बंधू, एवढेच. जिलेटवर धडा नव्हता, आणि असता तरी आमच्या सिस्टरांनी दाढीवरचा धडा वर्गात मोठ्याने वाचून घेतला असता असं वाटत नाही. इथे आल्यावर मेटलर्जीला हीट ट्रीटमेंट शिकताना या माणसाची गोष्ट वाचनात आली आणि ती डोक्यातून जाईना. कारण ही गोष्ट थेट आपल्याबद्दल, म्हणजे इंजिनिअर लोकांबद्दल काहीतरी विचारते. काय विचारते ते पुढे येईलच.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड डु लॅक गावचा. घर खटपटी लोकांचं. वडिलांना आणि भावांना काहीतरी नवीन जुळवत बसायचा नाद, आणि आई फॅनी जिलेट तर इतकी सुगरण की १८८७ मध्ये तिचं ‘व्हाइट हाउस कुक बुक’ निघालं आणि पुढे कित्येक वर्षं ते अमेरिकन स्वयंपाकघरांत वापरलं गेलं. कुटुंब शिकागोला येऊन स्थिरावलं होतं. पण ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला ती प्रसिद्ध आग लागली, शहराचा मोठा भाग बेचिराख झाला आणि त्यात जिलेटच्या वडिलांचा धंदाही गेला. पोरगा सोळा वर्षांचा. कॉलेजबिलेजचा प्रश्नच नव्हता. तो कामाला लागला आणि पुढे फिरता विक्रेता झाला, म्हणजे आजच्या भाषेत मार्केटिंगची नोकरी. बॅग उचलायची, रेल्वेने गावोगाव हिंडायचं आणि माल खपवायचा. यात त्याची वीसेक वर्षं गेली. मध्ये मध्ये स्वतःच्या छोट्यामोठ्या वस्तूंची पेटंटंही त्याने घेतली, पण त्यातून फारसे पैसे काही सुटले नाहीत.

१८९१ च्या सुमारास तो विल्यम पेंटर नावाच्या माणसाच्या कंपनीत लागला. पेंटरचं नाव आपल्याला माहीत नसलं तरी त्याची वस्तू आपण सगळ्यांनी दाताने उघडायचा प्रयत्न केलेला आहे! सोड्याच्या बाटलीचं कडेला चुण्या असलेलं पत्र्याचं झाकण हा त्याचा शोध. त्याचं पेटंट १८९२ चं. बाटली उघडली की झाकण फेकायचं, पुढच्या बाटलीला नवीन झाकण. पेंटरने जिलेटला सल्ला दिला, की तूही असं काहीतरी शोधून काढ जे एकदा वापरून फेकलं जाईल, म्हणजे गिऱ्हाईक परत परत तुझ्याकडे येईल. हा सल्ला जिलेटच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. असं सांगतात की रोज लागणाऱ्या वस्तूंची तो बाराखडीप्रमाणे यादी करत बसायचा.

आणि त्याच काळात हा सेल्समन चक्क एक पुस्तक लिहीत होता. १८९४ मध्ये ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ या नावाने ते छापून आलं. विषय? जगातलं सगळं दुःख, गरिबी आणि नासाडी यांचं मूळ धंद्यातली स्पर्धा आहे, आणि म्हणून ती स्पर्धाच बंद करायला हवी! सगळ्या लोकांच्या मालकीची एकच प्रचंड कंपनी असावी, तिनेच सगळं तयार करावं आणि बहुतेक सगळ्या अमेरिकेने नायगारा धबधब्याजवळ वसवलेल्या एकाच महानगरात राहावं. वस्ती सुमारे सहा कोटी, सारख्या नमुन्याच्या उंच इमारती आणि सगळी वीज धबधब्याची. हसू येतं ना? पण पुढच्याच वर्षी नायगाऱ्याला मोठं जलविद्युत केंद्र खरोखरच सुरू झालं. विजेपुरता तरी माणूस हवेत नव्हता.

तर एकीकडे स्पर्धा संपवायची स्वप्नं आणि दुसरीकडे वापरून फेकायच्या वस्तूचा शोध. दोन्ही एकाच डोक्यात.

१८९५ सालची गोष्ट. जिलेट तेव्हा बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला राहत होता. एके सकाळी दाढी करायला बसला तर वस्तरा पार बोथट झालेला. त्या वेळचा वस्तरा म्हणजे जाड पाठीचं, चांगल्या पोलादाचं, किमती पातं. रोज ते चामड्याच्या पट्ट्यावर घासायचं आणि पट्ट्यानेही भागेना की धार लावणाऱ्याकडे न्यायचं. ‘सेफ्टी रेझर’ हा शब्द तोपर्यंत बाजारात आला होता. न्यूयॉर्कच्या कॅम्फ बंधूंनी १८८० मध्ये कापण्याची भीती कमी करणारा रेझर काढला होता. पण त्याचंही पातं जाडच आणि धार लावायची कटकट तशीच. त्यामुळे जिलेटने सेफ्टी रेझर शोधला असं जे म्हणतात ते खरं नाही. त्याला सुचलं ते वेगळंच. दाढी तर फक्त धार करते, मग तिच्यामागे एवढं लोखंड कशाला? पातळ पोलादी पट्टीला दोन्ही कडांना धार लावायची, ती एका धरणीत आवळायची आणि बोथट झाली की फेकून द्यायची. धार लावायचं कामच नको!

बायको तेव्हा माहेरच्या लोकांकडे ओहायोला गेली होती. तिला त्याने लगेच पत्र टाकलं की आता आपण श्रीमंत झालोच म्हणून समज. मग बाजारातून पितळेचे तुकडे, कानशी, एक हातातला छोटा शिकंजा आणि घड्याळाच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी आणून पहिलं मॉडेल त्याने घरीच घासून बनवलं. त्याला वाटलं, झालं काम.

काम व्हायला पुढची आठ वर्षं लागली.

अडचण काय होती हे आपल्यापैकी मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना लगेच कळेल. धार टिकायला पोलाद कडक हवं. कडक करायचं म्हणजे लालबुंद तापवून झटकन थंड करायचं. आपल्याकडे लोहार याला पाणी देणं म्हणतात, आपण जर्नलमध्ये क्वेंचिंग लिहितो. जाड वस्तऱ्याला हे जमतं. पण जिलेटला हवं होतं सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचं पातं, म्हणजे झेरॉक्सचे जेमतेम दीड कागद! एवढी पातळ पट्टी तापवून पाण्यात घातली की ती पापडासारखी वाकडी होते. शिवाय कडक झालेलं पोलाद ठिसूळ, जरा वाकवलं की टक्कन तुटणार. वाकडं पातं गालावर फिरवलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यातून ते स्वस्त हवं, कारण फेकायचंय. म्हणजे पातळ, सपाट, कडक आणि स्वस्त, चारही गोष्टी एकाच वेळी. यातल्या तीन जमवल्या की चौथी हातातून निसटायची.

जिलेट चाकू-कात्र्या बनवणाऱ्यांकडे गेला, कारखानदारांकडे गेला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीतल्या जाणकारांना भेटला. सगळ्यांनी सांगितलं, नाद सोड. पातळ पत्र्याला अशी धार येत नाही, आली तर टिकत नाही. मित्र भेटले की रेझरचं कुठवर आलं म्हणून चेष्टा करायचे. आणि हा माणूस फिरतीची नोकरी सांभाळून सहा वर्षं पैसे घालत राहिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी स्वतः जिलेटने कबूल केलं, की आपलं तांत्रिक शिक्षण झालं असतं तर आपण हा नाद केव्हाच सोडला असता.

हे वाचून मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो. आपण इथे चार वर्षं घालवतोय, घरच्यांनी फी भरलीय, आणि हा म्हणतो शिकलो नाही म्हणून जमलं! शाळा-कॉलेज सोडून मोठ्या झालेल्या लोकांच्या गोष्टी सांगून डिग्रीची टर उडवणारे आपल्याला मेसमध्ये रोज भेटतात. जिलेटचं हे बोलणं त्यांच्या हाती लागलं तर संपलंच. पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९०१ मध्ये जिलेटची गाठ विल्यम निकरसन याच्याशी घालून दिली गेली. आणि निकरसन कोण? एमआयटीचाच पदवीधर, १८७६ च्या बॅचचा! यंत्रं बनवण्यात मुरलेला माणूस. यानेही आधी नाहीच म्हटलं. मग थोडे दिवस विचार केला आणि कळवलं की जमेल असं वाटतंय. बाकीच्या तज्ज्ञांत आणि याच्यात फरक एवढाच, की त्यांनी आजवर झालं नाही म्हणजे होणार नाही असं धरलं आणि याने का होत नाही ते शोधायला घेतलं. सप्टेंबर १९०१ मध्ये कंपनी निघाली, पुढच्या वर्षी तिला जिलेटचं नाव दिलं. निकरसनचं नाव का नाही दिलं यावर एक किस्सा सांगतात. इंग्रजीत निक म्हणजे छोटी जखम, कापणं. रेझरला असलं नाव कोण देईल!

बॉस्टनमध्ये एका मासळीच्या दुकानावरच्या माडीत काम सुरू झालं. निकरसनचं डोकं दोन ठिकाणी चाललं. एक म्हणजे पातळ पट्टी वाकडी न होता कडक करण्याची आणि टेम्परिंगची पद्धत, आणि दुसरं म्हणजे एकसारखी धार लावणारी यंत्रं. एक पातं कोणी कसबी कारागीर करेलही, पण लाखो पाती एकसारखी आणि स्वस्त यायची तर कसब यंत्रात घालावं लागतं. सोबत रेझरच्या रचनेतली एक युक्तीही बघण्यासारखी आहे. पातं सपाट असताना लवचिक, पण वरचं झाकण आवळलं की ते किंचित वाकतं आणि त्या बाकामुळे ताठ होतं. कागदाची पट्टी उभी धरली की ती मान टाकते, तीच मधोमध थोडी खोलगट केली की ताठ उभी राहते, तसंच हे. जाडी न वाढवता ताठपणा. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या सरांनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

१९०३ मध्ये विक्री सुरू झाली. वर्षभरात किती खपले असतील? ५१ रेझर आणि १६८ पाती. बस. घर चालवायला जिलेटला बाटलीच्या झाकणांचीच नोकरी करावी लागत होती आणि त्यासाठी तो लंडनला जाऊन राहिला. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला! १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं, क्रमांक ७७५१३४. आता तो परत आला.

इथे एक गैरसमज दूर करतो, विशेषतः कॅटची तयारी करणाऱ्यांसाठी. रेझर फुकटात वाटा आणि ब्लेडवर कमवा, ही युक्ती जिलेटची असं मॅनेजमेंटवाले छातीठोकपणे सांगतात. प्रिंटर स्वस्त आणि काट्रिज महाग, तसंच. प्रत्यक्षात पेटंट चालू होतं तोपर्यंत जिलेटचा रेझर चांगला ५ डॉलरला मिळायचा आणि ती रक्कम त्या काळी कामगाराला जड होती. पेटंट संपलं १९२१ मध्ये. त्यानंतर इतरांचे स्वस्त रेझर येणार हे दिसल्यावर कंपनीने आपला जुन्या धर्तीचा रेझर १ डॉलरवर आणला. म्हणजे ती सुप्रसिद्ध युक्ती स्पर्धेने शिकवली, आणि तीही स्पर्धेचा द्वेष करणाऱ्याच्या कंपनीला!

एकदा चक्र फिरलं आणि मग थांबलं नाही. १९१५ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा रेझर निघाला. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त पाती घेतली. दाढी नसली की विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसतो, हे त्याचं एक कारण सांगतात. युद्ध संपल्यावर ते सैनिक तीच सवय घेऊन घरी गेले. हीच कल्पना दवाखान्यातही शिरली. १९१५ मध्येच मॉर्गन पार्कर याने मूठ कायमची आणि पातं बदलायचं अशा शस्त्रक्रियेच्या सुरीचं पेटंट घेतलं. ऑपरेशनच्या आधी सुरीला धार लावत बसायची गरज उरली नाही, प्रत्येक पेशंटला नवीन पातं. आपल्या नाक्यावरचे सलूनवाले काका दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतात ना, तेही याच कुळातलं. एकाच्या रक्तातला आजार दुसऱ्याला जाऊ नये म्हणून नवीन पात्याचा आग्रह धरायचा, हे आता आपल्याला घरून बजावलेलं असतं. फेकायची सोय होती म्हणून तो आग्रह परवडतो.

आणि जिलेट? तो अजून त्या महानगरातच होता! १९१० मध्ये त्याने ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’ नावाचं दुसरं पुस्तक काढलं, त्या नावाची कंपनी ॲरिझोनात नोंदवली आणि तिचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना १० लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट नाही म्हणाले. रेझरच्या कंपनीत तोवर भागीदार जॉन जॉइस याच्याशी खटके उडून कारभार जिलेटच्या हातून जवळजवळ गेला होता. नावाला तो १९३१ पर्यंत अध्यक्ष राहिला आणि वेष्टनावर फोटोही राहिला. १९२४ मध्ये पुन्हा एक पुस्तक आलं, पुन्हा तेच स्वप्न. जग त्याचं पातं घ्यायचं, पुस्तक नाही.

उतारवयात तो कॅलिफोर्नियाला गेला. जमिनी घेतल्या, मोठा वाडा बांधला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ कंपनीच्या हिशोबातले फुगवलेले आकडे बाहेर आले आणि शेअरचा भाव गडगडला. जिलेटची संपत्ती वितळून गेली. ९ जुलै १९३२ ला तो गेला तेव्हा त्याचा चेहरा जगभर होता आणि हातात फारसं काही उरलं नव्हतं. त्याचा तो कॅलिफोर्नियातला मळा आज सार्वजनिक उद्यान आहे. कंपनी २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने घेतली.

आता सुरवातीचा प्रश्न. जिलेट शिकलेला नव्हता म्हणून जमलं का? माझ्या मते जिलेटला न शिकल्यामुळे एक गोष्ट जमली, ती म्हणजे सोडून न देणं. पण निकरसन भेटला नसता तर घड्याळाच्या स्प्रिंगचं ते मॉडेल खणातच पडून राहिलं असतं. ज्या एमआयटीतून नकार आला तिथेच शिकलेल्या माणसाने ते करून दाखवलं. म्हणजे दोष शिक्षणाचा नाही, शिक्षणाचा उपयोग नकार देण्यापुरता करण्याचा आहे. व्हायव्हाला एखादी गोष्ट का शक्य नाही हे सांगितलं की आपल्याला मार्क मिळतात. ती शक्य करायला काय बदलावं लागेल, हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. जिलेटचा फोटो कोट्यवधी वेष्टनांवर छापला गेला, निकरसनचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना निकरसनचंच काम करायचंय, हे मात्र लक्षात असू द्या.

एक शेवटचं. फेकून द्यायची वस्तू शोधणाऱ्याने फेकल्यावर तिचं काय होतं याचा विचार केला नव्हता. अमेरिकेत जुन्या घरांच्या बाथरूममधल्या कपाटाला मागे एक फट असायची, त्यातून जुनी पाती भिंतीच्या पोकळीत टाकायची. प्रश्न भिंतीत गाडून मोकळे! आपल्या हॉस्टेलला तर तेवढीही फट नाही. ब्लेड खिडकीत राहतं नाहीतर सरळ कचऱ्याच्या बादलीत जातं, आणि ती बादली मावशी हाताने रिकामी करतात.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये सगळ्या बॅचेस शीट मेटलचा ट्रे बनवतात. सबमिशन झालं की तो ट्रे भंगारात जातो. त्याऐवजी एका बॅचने बंद डबे बनवावेत. वर ब्लेड जाईल एवढीच फट, तीन मिलिमीटरची, आणि प्रत्येक मजल्यावर बेसिनशेजारी एक. रेक्टर सरांची परवानगी आणि वर्कशॉपच्या सरांची मदत मिळाली तर हे काम एका प्रॅक्टिकलमध्ये होईल. ड्रॉइंग मी काढून ठेवलंय, कोणाला हवं असेल तर मागा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी